बुतो: अंगाला पांढरा रंग फासून, वाकड्या पायांनी केला जाणारा जपानी नाच नेमका आहे तरी काय?

रील्स बघताना कधीतरी हा व्हिडिओ तुमच्यासमोर आला असेलच. डोकं तासलेला माणूस, अंगभर पांढरा रंग, डोळे वर फिरलेले, तोंड उघडं. तो इतका हळू सरकतोय की आधी वाटतं नेट अडकलंय. खाली कमेंट्स ठरलेल्या असतात. कुणी म्हणतं भूत, कुणी म्हणतं झपाटलंय, कुणी विचारतं की याला नाच कोण म्हणतं?

याला नाच म्हणतात आणि त्याचं नाव आहे 'बुतो'. काही जण 'बुतोह' असंही लिहितात. तो काही हजार वर्षांची परंपरा वगैरे नाही. म्हणजे आपली संगीत रंगभूमी त्याच्यापेक्षा कितीतरी म्हातारी आहे. बुतोचा जन्म १९५९ सालचा, टोकियोतला. आणि तो जन्मला तोच राडा करून.

पण हा नाच समजून घ्यायचं खरं कारण वेगळं आहे. बुतो सांगतो की स्टेजवर यायला देखणं, लवचिक, ताठ शरीर लागत नाही. वाकलेली पाठ, फेंगडे पाय, थकलेलं अंग हेही स्टेजवर येऊ शकतं. आता हे वाक्य वणीसारख्या गावातल्या, कापूस आणि कोळशाच्या पट्ट्यातल्या कॉलेजच्या नाटकवाल्या पोरांना कसं लागू होतं, ते शेवटी बघू. आधी मूळ गोष्ट.

नावाचा अर्थ काय?

जपानी भाषेत 'बु' म्हणजे नाच आणि 'तो' म्हणजे पाय आपटणं, पाऊल टाकणं. हा शब्द जुना आहे. एकेकाळी जपानमध्ये पाश्चात्त्य बॉलरूम नाचालाही हाच शब्द वापरायचे. तात्सुमी हिजिकाता नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात त्याच्यापुढे 'अंकोकु' हा शब्द लावला. अंकोकु म्हणजे गडद अंधार. 'अंकोकु बुतो' म्हणजे अंधाराचा नाच. पुढे जगभर पोचताना अंधार गळून पडला आणि फक्त बुतो राहिलं.

नावातच एक भूमिका आहे. बॅलेमधला नर्तक वर उडी मारतो, जमिनीपासून सुटायचा प्रयत्न करतो. बुतोवाला खाली जातो. गुडघे वाकवतो, वजन पायात सोडतो, जमिनीला चिकटून राहतो.

१९५९ : कोंबडी, अंधार आणि राडा

तारीख होती २४ मे १९५९. टोकियोच्या दाइइची सेइमेइ हॉलमध्ये एका नृत्य संघटनेने नव्या कलाकारांचा कार्यक्रम ठेवला होता. त्यात हिजिकाताने 'किन्जिकी' नावाचा छोटासा प्रयोग केला. किन्जिकी म्हणजे निषिद्ध रंग. हे नाव युकिओ मिशिमा या तेव्हाच्या गाजलेल्या लेखकाच्या कादंबरीवरून घेतलं होतं.

स्टेजवर दोघंच होते. एक हिजिकाता आणि दुसरा विशीतला योशितो ओनो. विषय पुरुषांमधल्या आकर्षणाचा. त्या तरुणाच्या हातात जिवंत कोंबडी दिली जाते, तो ती मांड्यांमध्ये दाबतो. मग दिवे जातात. अंधारात फक्त पावलांचे आणि श्वासाचे आवाज ऐकू येतात आणि प्रयोग संपतो.

प्रेक्षक हादरले. काही जण उठून गेले. कोंबडी खरंच मेली का, यावर आजही वेगवेगळं सांगितलं जातं. संघटनेत वाद पेटला आणि हिजिकाता तिच्यातून बाहेर पडला. पण ज्या मिशिमाचं नाव त्याने न विचारता वापरलं होतं, तोच मिशिमा त्याचं काम बघायला आला आणि पुढे त्याचा मित्र झाला. टोकियोतले लेखक, चित्रकार, फोटोग्राफर हिजिकाताभोवती जमायला लागले.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. जिवंत प्राणी वापरणं हा बुतोचा नियम नाही. तो त्या एका प्रयोगातला भाग होता. आज भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे आणि प्रयोगात प्राणी वापरायचे तर वेगळी नोंदणी लागते. त्यामुळे बुतो करायचं म्हणून कुणी कोंबडी शोधायला जाऊ नये.

हिजिकाता कोण होता?

हिजिकाताचा जन्म ९ मार्च १९२८ चा, उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातला. या भागाला तोहोकु म्हणतात. कडाक्याची थंडी, भरपूर बर्फ, भाताची शेती आणि गरिबी. १९३४ साली तिथे पीक बुडालं, तेव्हा कर्जापायी घरच्या मुली शहरात विकायची वेळ कित्येक कुटुंबांवर आली. हिजिकाता अकरा भावंडांतला दहावा. बापाची शेती होती आणि नूडल्सचं दुकान.

१९५२ मध्ये तो टोकियोत राहायला आला. बॅले शिकला, जॅझ शिकला, मॉडर्न डान्स शिकला. पण त्याच्या लक्षात आलं की हे सगळे नाच ज्या शरीरासाठी बनले आहेत, ते शरीर आपलं नाही. लांब सरळ पाय, ताठ मान, हे तोहोकुच्या शेतकऱ्याकडे कुठून येणार? चिखलात वाकून भात लावणाऱ्याचे पाय फेंगडे होतात. थंडीने खांदे आत ओढले जातात.

मग त्याने उलटा विचार केला. हे पाय लपवायचे कशाला? यातूनच नाच काढू.

त्याच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. तोहोकुमध्ये शेतावर जाताना आईबाप तान्ह्या पोरांना गवताच्या टोपलीत घट्ट बसवून बांधावर ठेवायचे. त्या टोपलीला 'इझुमे' म्हणतात. दिवसभर पोर त्यात अडकलेलं. रडलं तरी वाऱ्यात आवाज जाणार नाही. संध्याकाळी बाहेर काढलं की पायात जीव नाही, उभं राहता येत नाही. हिजिकाता म्हणायचा की आपण नाच शिकलो तो या पोरांकडून.

आता हे वाचून यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला काय आठवेल, ते सांगायला नको. कापूस वेचायला गेलेल्या बाईने बांधावरच्या झाडाला बांधलेली झोळी. तिकडे थंडी, इकडे पंचेचाळीसच्या आसपासचा पारा. बाकी चित्र तेच.

हिजिकाता स्वतःबद्दल सांगायचा त्यातली प्रत्येक गोष्ट शब्दशः घ्यायची नाही, असं त्याचे अभ्यासकही सांगतात. मेलेल्या बहिणीला मी माझ्या शरीरात ठेवलंय आणि ती मला नाच शिकवते, असं तो म्हणायचा. हे खरं की रचलेलं, हा मुद्दा नाही. तो आपल्या शरीराकडे मेलेल्या माणसांचं घर म्हणून बघत होता, हा मुद्दा आहे.

१९६५ नंतर तो फोटोग्राफर एइको होसोए याच्यासोबत अकिताच्या खेड्यात गेला. शेतात धावला, म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसला. त्या फोटोंचं 'कामाइताची' हे पुस्तक १९६९ मध्ये आलं आणि ते आज फोटोग्राफीच्या जगात अभ्यासलं जातं. १९६८ मध्ये त्याने 'शरीराचं बंड' हा प्रयोग केला. १९७२ मध्ये 'चार ऋतूंसाठी सत्तावीस रात्री' ही प्रयोगांची मालिका केली. तिच्यात तोहोकुची म्हातारी, आजारी, लुळी माणसं स्टेजवर आली. थोड्याच काळात त्याने स्वतः स्टेजवर नाचणं थांबवलं आणि योको आशिकावा या नर्तकीसोबत आणि इतर शिष्यांसोबत काम करत राहिला. २१ जानेवारी १९८६ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी तो गेला.

आणि काझुओ ओनो?

बुतोचे दोन खांब मानतात. हिजिकाता एक, काझुओ ओनो दुसरा. स्वभावाने दोघं एकदम उलटे.

ओनोचा जन्म २७ ऑक्टोबर १९०६ चा, म्हणजे तो हिजिकातापेक्षा २१ वर्षांनी मोठा. पेशाने तो योकोहामाच्या मुलींच्या शाळेत व्यायामाचा शिक्षक होता. १९२९ मध्ये त्याने टोकियोत ला आर्खेन्तिना या स्पॅनिश नर्तकीचा कार्यक्रम अगदी वरच्या स्वस्त जागेवरून बघितला आणि ती त्याच्या डोक्यातून कधीच गेली नाही.

मग युद्ध आलं. सुमारे नऊ वर्षं तो सैन्यात होता, चीनमध्ये आणि न्यू गिनीत. शेवटी युद्धकैदी झाला. परतीच्या जहाजावर उपासमारीने, आजाराने सोबतचे सैनिक मरत होते आणि त्यांना समुद्रात सोडलं जात होतं. पुढे त्याने जेलीफिशचा नाच केला, त्याच्या मुळाशी हा समुद्र होता.

१९४९ मध्ये, ४३ व्या वर्षी, त्याने पहिला स्वतंत्र कार्यक्रम केला. तो बघणाऱ्यांत तरुण हिजिकाता होता. पुढे दोघं एकत्र आले. किन्जिकीमधला योशितो हा याच ओनोचा मुलगा.

ओनोचं सर्वांत गाजलेलं काम आलं १९७७ मध्ये, 'ला आर्खेन्तिनाला वंदन'. दिग्दर्शन हिजिकाताचं. ७१ वर्षांचा म्हातारा, बाईचा झगा, डोक्यावर फुलांची टोपी, सुरकुतलेले हात. जवळपास पन्नास वर्षांपूर्वी बघितलेल्या बाईला त्याने आपल्या अंगातून बाहेर काढलं. बघणारे हसायला तयार होते, पण रडून गेले.

ओनो नव्वदी पार करूनही नाचत राहिला. चालता येईना तेव्हा खुर्चीत बसून फक्त हातांनी नाचला. १ जून २०१० रोजी, १०३ व्या वर्षी तो गेला. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला पुरुषाने बाई होणं नवीन नाही. पण गंधर्वांची स्त्री सुंदर दिसण्यासाठी होती. ओनोची स्त्री म्हातारी होती, आणि तिने ते लपवलं नाही.

हा नाच हिरोशिमाच्या बॉम्बमधून आला का?

सोशल मीडियावर बुतोबद्दल सर्वांत जास्त फिरणारा दावा हाच. पांढरं अंग म्हणजे राख, वाकडी बोटं म्हणजे जळालेली माणसं, म्हणून बुतो म्हणजे अणुबॉम्बचा नाच. ऐकायला पटतं, पण गोष्ट इतकी सोपी नाही.

हिजिकाता सांगत होता तो चिखल, बर्फ, बालपण आणि तोहोकु. ओनो सांगत होता ते आई, गर्भ, मेलेले सैनिक. बॉम्बवर केलेला नाच अशी सुरुवात बुतोची कुठेच नाही. पुढे काही कलाकारांनी तो विषय घेतला, ते वेगळं.

युद्धाचा संबंध नाही असंही नाही. हरलेला देश, अमेरिकेचा ताबा, झपाट्याने येणारी पाश्चात्त्य जीवनशैली, आणि १९६० मध्ये अमेरिकेसोबतच्या सुरक्षा कराराविरुद्ध रस्त्यावर उतरलेले लाखो लोक आणि विद्यार्थी. त्या काळात जपानमधली तरुण रंगभूमीही जुन्या नाटकाला वैतागली होती. जुरो कारा याने १९६७ मध्ये टोकियोतल्या एका देवळाच्या आवारात लाल तंबू ठोकून नाटकं सुरू केली. हिजिकाता आणि ही मंडळी एकमेकांच्या ओळखीतली होती. बुतो या सगळ्या खदखदीतून आला. एका स्फोटातून नाही.

पांढरा रंग, वाकडे पाय, हळू हालचाल : हे कशासाठी?

पांढरा रंग. रंगामुळे चेहऱ्याची ओळख पुसते. हा अमुक गावचा, तमुक वयाचा माणूस आहे हे दिसेनासं होतं. उरतं फक्त शरीर. रंग वाळला की त्याला भेगा पडतात, घामाने तो ओघळतो, आणि तेही प्रयोगाचा भाग होतं. पण रंग सक्तीचा नाही. किन्जिकी सगळा पांढऱ्या रंगात नव्हता, आणि आजचे कित्येक बुतो कलाकार रंग लावतच नाहीत.

वाकडे पाय. गुडघे बाहेर, वजन तळपायाच्या बाहेरच्या कडेवर. जपानीत याला 'गानिमाता' म्हणतात, खेकड्यासारखे पाय. हे सोपं दिसतं, पण पाच मिनिटं करून बघा. मांड्या पेटतात.

हळूपणा. हात वर न्यायला एक सेकंद लागतो. तोच हात दोन मिनिटांत वर न्या, मग प्रत्येक सांधा, प्रत्येक थरथर दिसायला लागते. बघणाराही वेगळ्या लयीत जातो. अर्थात बुतो नेहमी हळूच असतो असं नाही. मध्येच झटके, किंचाळी, धावपळ येते.

तालीम कशी चालते?

बुतो हा मनाला येईल तसं लोळणं नव्हे. हिजिकाताच्या तालमी कडक होत्या. त्याने प्रतिमांची एक पद्धत तयार केली, तिला 'बुतो-फु' म्हणतात, म्हणजे बुतोची लिपी. जाड वह्यांमध्ये तो चित्रांची कात्रणं चिकटवायचा, त्यात फ्रान्सिस बेकनसारख्या चित्रकारांची चित्रं असायची, आणि बाजूला शब्द लिहायचा. नर्तकाने तो शब्द 'दाखवायचा' नाही, तर अंगात घडू द्यायचा.

दोन प्रसिद्ध उदाहरणं बघा.

चालणं. तळपायाखाली ब्लेडच्या धारा आहेत. डोक्यावर काठोकाठ भरलेलं पाण्याचं भांडं आहे. डोळे काचेचे आहेत, त्यांना बघता येत नाही. सांध्यांना कोळ्याची जाळी लटकलेली आहेत. आता चाला. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या. पाऊल आपोआप बदलतं.

किडे. हातावर एक किडा आहे. मग मानेवर दुसरा उतरतो. मग मांडीवर तिसरा. वाढत वाढत शेकडो होतात. कातडीत शिरतात, आतून खातात. शेवटी शरीर पोकळ होतं आणि उभं राहायला काहीच उरत नाही. बघणाऱ्याला किडे दिसत नाहीत. एक माणूस हळूहळू संपताना दिसतो.

इथे बुतो आणि मूकाभिनय यातला फरक कळतो. आपल्या युवा महोत्सवात माइम ही पाच मिनिटांची स्पर्धा असते. त्यात कलाकार भिंत दाखवतो, दोरी ओढतो, आणि प्रेक्षकाने ते ओळखायचं असतं. ओळखलं की टाळी. बुतोमध्ये ओळखायचं काहीच नसतं. आत एक प्रतिमा चालू आहे, बाहेर तिचा परिणाम दिसतोय.

आणखी एक गल्लत होते ती अंगात येण्याशी. अंगात आलेल्या माणसाचा ताबा सुटतो, किंवा सुटला असं मानतात. बुतोवाल्याचा ताबा उलट जास्त असतो. करंगळी कधी थरथरणार हेही त्याने तालमीत बसवलेलं असू शकतं.

हा नाच जगभर कसा पोचला?

खुद्द जपानमध्ये बुतो कोपऱ्यातच होता. हिजिकाताचे शिष्य पोट भरायला कॅबरेत नाचायचे. वळण आलं १९८० मध्ये, फ्रान्समधल्या नॅन्सी शहराच्या नाट्यमहोत्सवात. ओनो तिथे गेला आणि युरोप थक्क झाला. उशिओ आमागात्सु याने १९७५ मध्ये काढलेली 'सांकाइ जुकु' ही मंडळीही त्याच वर्षी युरोपात पोचली आणि पुढे पॅरिसच्या तेआत्र द ला व्हिल या थिएटरसोबत तिने वर्षानुवर्षं काम केलं.

याच मंडळीवर एक मोठा आघातही झाला. सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेच्या सिएटल शहरात एका इमारतीवरून दोराला उलटं लटकून खाली यायचा प्रयोग चालू होता. दोर तुटला आणि योशियुकी ताकादा या कलाकाराचा मृत्यू झाला. आमागात्सु २०२४ मध्ये गेले.

अकाजी मारो याने १९७२ मध्ये 'दाइराकुदाकान' ही मंडळी काढली. हा चेहरा तुम्ही कदाचित बघितलाय. 'किल बिल'च्या पहिल्या भागात लुसी लिऊच्या ओ-रेन इशीच्या बैठकीत बसलेल्या बॉसपैकी एक तो हाच. मिन तानाका हा दुसरा मोठा नर्तक. त्याने १९८५ पासून यामानाशीच्या हाकुशू गावात शेती करत नाच शिकवला. शेतात राबणं हाच नर्तकाचा रियाझ, अशी त्याची पद्धत. 'परफेक्ट डेज' या २०२३ च्या सिनेमात बागेत झाडासारखा उभा राहणारा बेघर म्हातारा आठवतो? तो मिन तानाका.

भारतातही बुतो पोचला. हिमाचलमध्ये धर्मशाळेजवळ एका जपानी शिक्षकाने बुतोची शाळा चालवली आणि तिथे जगभरातून लोक शिकायला आले. हिजिकाताच्या वह्या आणि कागदपत्रं आज टोकियोच्या केइओ विद्यापीठात जपून ठेवली आहेत. म्हणजे जो माणूस संघटनेतून बाहेर पडला, त्याच्यावर आता विद्यापीठात अभ्यास होतो.

आपल्याकडे असं काही आहे का?

१९७२ हे वर्ष बघा. तिकडे हिजिकाता सत्तावीस रात्रींची मालिका करत होता. इकडे त्याच वर्षी 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' आले आणि दोन्हींवरून रान पेटलं. त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली. कुणाचं शरीर, कुणाची भाषा, कुणाचं जगणं स्टेजवर आणि पुस्तकात येणार, हा प्रश्न दोन्हीकडे एकाच वेळी विचारला जात होता. या लोकांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण प्रश्न सारखा होता. मराठी रंगभूमीने उत्तर मुख्यतः शब्दांतून दिलं. हिजिकाताने शरीरातून.

आता वणीकडे येऊ. वणी म्हटलं की कोळसा, कापूस आणि रंगनाथ स्वामींची जत्रा. तालुक्याच्या आसपास कोलाम आणि गोंड वस्त्या. या सगळ्या टापूत शरीराने गोष्ट सांगायच्या पद्धती कधीपासून आहेत. दंडार आहे. पूर्वेला झाडीपट्टीत भात निघाल्यावर रात्र रात्र चालणारी नाटकं आहेत. पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेलं की राजगोंडांचा घुसाडी नाच आहे. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, हातात काठी घेऊन घुसाडी गावोगाव फिरतात. या नाचासाठी कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

राख फासलेलं अंग बघून कुणी म्हणेल, हा तर आपला बुतो. तसं म्हणू नये. घुसाडी हा समाजाचा, देवाचा, सणाचा नाच आहे. त्याचे नियम आहेत, त्याचं व्रत आहे. बुतो एका माणसाने परंपरेशी भांडून काढलेला नाच आहे. दोघांना एका पोत्यात भरलं तर दोघांवरही अन्याय होतो. शिकण्यासारखी गोष्ट इतकीच की पांढरं अंग बघायला टोकियोला जायची गरज नाही, आणि घुसाडीचा वेश उचलून स्पर्धेत वापरायचा अधिकारही आपोआप मिळत नाही.

कॉलेजच्या ग्रुपने बुतो करायचा म्हटला तर?

समजा वणी, मारेगाव किंवा पांढरकवड्याच्या एखाद्या कॉलेजच्या नाट्यमंडळाला हे करून बघायचंय. खर्च जवळपास शून्य. सेट नको, कपडेपट नको, संवाद पाठ करायला नकोत. पण काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

१. रंग जपून. चुना, डिस्टेंपर किंवा भिंतीचा कुठलाही रंग अंगाला लावायचा नाही. चुन्याने कातडी भाजते. चेहऱ्यासाठी बनलेला मेकअपचा रंगच घ्यायचा आणि आदल्या दिवशी मनगटावर लावून बघायचा. उन्हाळ्यात अंगभर रंग लावून तालीम करायची नाही.

२. गुडघे आणि पाठ. वाकून चालायची सवय हळूहळू करायची. दुखायला लागलं की थांबायचं. उंचावरून लटकणं वगैरे प्रकार अजिबात नकोत, सिएटलचं उदाहरण समोर आहे.

३. संमती. तालमीत भीती, मृत्यू, आजार अशा प्रतिमा येतात. कुणाच्या घरी नुकतंच काही घडलेलं असू शकतं. ज्याला नको त्याला बाजूला बसता आलं पाहिजे. कपडे किती काढायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं, दिग्दर्शकाने नाही.

४. परवानगी. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. शब्द नसलेल्या प्रयोगातही काय घडणार आहे याचा क्रम नीट लिहून ठेवलेला बरा. हिजिकाताही वह्या भरायचाच.

५. रीलमधून शिकू नका. रीलमध्ये दिसतो तो फक्त चेहरा आणि रंग. आत काय चालू आहे ते दिसत नाही. चेहरा वाकडा करणं ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा.

यवतमाळचं नाव बाहेर घेतलं की पुढचा शब्द ठरलेला असतो, शेतकरी आत्महत्या. एकांकिका स्पर्धांमध्ये हा विषय कितीदा तरी येतो. दोर, झाड, टाहो फोडणारी आई, मागे करुण संगीत, आणि शेवटी काळोख. हेतू चांगला असतो. पण बघणाऱ्याला दुसऱ्याच मिनिटाला शेवट माहीत असतो, आणि ज्याच्या घरात ते घडलंय त्याला आपलं दुःख सजवून मांडलेलं दिसतं.

बुतो इथे वेगळा रस्ता दाखवतो. मरण दाखवू नका, जगताना शरीराला काय होतं ते दाखवा. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस कसा चालतो? २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या पंपाचं वजन खांद्याला काय करतं? दिवसभर निंदण करून उठणाऱ्या बाईची कंबर सरळ व्हायला किती वेळ लागतो? खाणीतून पाळी संपवून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना उजेड कसा लागतो? बोंडातून कापूस ओढणारी बोटं, त्याच हालचाली, दिवसात हजारदा. ही बोटं कुठल्याही नृत्याच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. पण त्या कॉलेजातल्या अर्ध्या पोरांनी ती घरी बघितलेली असतात, कित्येकांची स्वतःचीच असतात.

अट एकच. हे बघायचं तर जवळ जाऊन बघायचं. हिजिकाता अकिताला परत गेला, म्हाताऱ्यांमध्ये बसला. मिन तानाका शेतात राबला. आईच्या चालण्याची नक्कल करून हशा मिळवणं सोपं आहे. तिच्यासारखं दहा मिनिटं वाकून राहणं अवघड आहे, आणि नाच तिथून सुरू होतो.

मग हे सुंदर आहे का?

सगळ्यांना बुतो आवडलाच पाहिजे असं नाही. काहींना तो कंटाळवाणा वाटतो, काहींना किळसवाणा. धक्का देण्यासाठी धक्का, अशी टीका त्याच्यावर सुरुवातीपासून आहे आणि काही प्रयोगांच्या बाबतीत ती खरीही आहे. जगभरात पांढरा रंग लावून तोंड वासणाऱ्या नकला भरपूर झाल्या आहेत. नुसत्या रंगाने बुतो होत नाही, तसं नुसत्या फेट्याने कुणी शाहीर होत नाही.

पण पुढच्या वेळी तो व्हिडिओ समोर आला की लगेच वर सरकवू नका. आवाज बंद करा, एक मिनिट फक्त पाय बघा. वजन कुठे आहे, गुडघे कसे आहेत, पाऊल जमिनीवर कसं टेकतंय. कदाचित ते पाय तुम्हाला ओळखीचे वाटतील. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवरून गावाकडच्या गाडीकडे चालत जाणाऱ्या कुणाही म्हाताऱ्या माणसाचे पाय असेच पडतात.